तेवढा एक शब्द काढा

आमच्या घरात आजारी पडायचं खातं सासूबाईंकडे आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचा गुडघा दुखतोय. कधी डावा, कधी उजवा, पाहुणे कोणत्या बाजूला बसलेत त्यावर. सकाळी उठल्याबरोबर पहिलं कण्हणं, चहा समोर आला की दुसरं, आणि आमचे हे कामाला निघाले की दारात उभं राहून तिसरं, सगळ्यात लांब. डॉक्टरांनी दोनदा फोटो काढले, काही निघालं नाही. "फोटोत दुखणं दिसतं होय?" असं म्हणून सासूबाईंनी डॉक्टरच बदलला. मला त्या कण्हण्याचा राग यायचा, अगदी मनापासून यायचा. दिवसभर हॉटेलात गाद्या उचलून घरात पाऊल टाकावं आणि आतून काय यावं, तर "आई गं".

म्हणून माझी स्वतःची पाठ धरायला लागली तेव्हा मी कोणाला सांगितलंच नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, माझं दबक्या पावलांनी आलं. आधी कंबर जड झाली, मग डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या, मग चप्पल पायातून निसटली तरी कळेना. मी कमरेला पट्टा बांधला आणि कामाला गेले.

हॉटेलात माझं काम खोल्या करायचं. पाहुणा गेला की खोली अशी करायची, जशी तिथे कधी कोणी आलंच नव्हतं. पलंग ओढायचा, चादर काढायची, नवी घालायची, गादीचा कोपरा उचलून चादर पाकिटासारखी दुमडायची आणि आत खोचायची. चादर इतकी ताणलेली पाहिजे की वर हात फिरवला तर हाताला सुरकुती लागता कामा नये. आणि एक नियम असा, की पाहुण्याच्या पलंगावर आपण टेकायचं नाही. टेकलेली सापडली तर घरी. आता हा नियम कोणी केला? ज्यानं आयुष्यात एक गादी उचलली नाही त्यानं. आम्ही सगळ्याजणी टेकायचो. कंबर अगदीच बोलायला लागली की मिनिटभर आडवं व्हायचं, बोळात सुपरवायझरबाईंच्या बुटांचा आवाज आला की उठायचं आणि पाय जमिनीला लागायच्या आत चादर ओढून, कोपरा खोचून मोकळं व्हायचं. नव्या मुलीला आम्ही पहिल्याच आठवड्यात हे शिकवायचो. इतक्या वर्षांत ते हातात असं भिनलं होतं की घरीसुद्धा मी अंथरुणातून उठले की मागे वळून चादर ओढणार. रात्री पाणी प्यायला उठले तरी ओढणार. हे झोपलेले असले तर ह्यांच्यासकट ओढणार.

एक दिवस एका खोलीत कोपरा उचलला आणि पाठीत काहीतरी कट्‌कन सरकलं. गादी हातातून सुटली आणि मी तिच्याशेजारी खाली. सुपरवायझरबाई आल्या तेव्हा त्यांनी आधी पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मणक्यातली गादी सरकलीय," डॉक्टर म्हणाले. आयुष्यभर लोकांच्या गाद्या नीट केल्या आणि माझीच सरकली, म्हणून मला हसू आलं. डॉक्टरांना आलं नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की वाकून उचलायचं काम आता बंद. पुन्हा असा झटका बसला तर डावा पाय कायमचा जाईल.

हॉटेलवाल्यांनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत वाट बघू असं सांगितलं. बिनपगारी. त्यानंतर एकतर कामावर या, नाहीतर दुसरी बाई ठेवतो. म्हणजे सरकारचा आजारपणाचा भत्ता मिळाला तर पाय वाचणार होता, नाही मिळाला तर पाय पणाला लावून मला त्याच पलंगांखाली वाकावं लागणार होतं. ह्यांचा पगार चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचा. त्यात तिघांचं भागत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं.

हा भत्ता म्हणजे काही कोणाची मेहेरबानी नाही. दर महिन्याला माझ्या पगारातून त्याची वर्गणी कापली जायची. मी एकदाही "का कापता?" म्हणून विचारलं नव्हतं. आता मी मागायला गेले तर खिडकीतल्या बाईनं वर न बघता विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, "काम होत नाहीये." तिनं अर्ज घेतला आणि तपासणीची तारीख दिली.

तपासणीच्या आदल्या दिवशी सासूबाई माझ्या उशाशी येऊन बसल्या. स्वतःचा गुडघा त्यांनी त्या दिवशी रजेवर ठेवला होता.

"उद्या केस विंचरू नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

"आणि तो निळा ड्रेस नको. चुरगळलेलं काहीतरी घाल. आत गेल्यावर आधी भिंत धरायची. विचारलेलं लगेच सांगायचं नाही. आधी डोळे मिटायचे, एक उसासा, मग बोलायचं. मूल रडल्याशिवाय आई पाजत नाही गं, हे तर सरकार."

"आई, मला खरंच दुखतंय. सोंग कशाला करू?"

"खरं आहे म्हणून तर जास्त करावं लागतं," त्या म्हणाल्या. "खोट्याचं काय, ते आपोआप जमतं."

मी ऐकलं नाही. नाक वर करून जगायची खोड आहे मला, ती कमरेबरोबर गेली नव्हती. सकाळी न्हाले, केस विंचरले, निळा ड्रेस उभ्या उभ्या इस्त्री केला आणि निघाले. ह्यांना सुट्टी मिळाली नाही म्हणून सासूबाई बरोबर आल्या. बसमध्ये मला बसवत नव्हतं, मी दांडी धरून उभी राहिले आणि बसायच्या जागेवर सासूबाई कण्हत बसल्या. एका भल्या माणसानं त्यांना विचारलं, "आजी, तपासणीला निघालात का?"

तपासणी करणारे डॉक्टर तरुण होते. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन, पण पार थकलेला होता. समोर कॉम्प्युटर, प्रश्न त्यातले, उत्तरंही बहुतेक त्यातलीच.

"किती दुखतं?"

"दुखतं."

"म्हणजे थोडं, मध्यम, की असह्य?"

"असह्य असतं तर इथे आले असते का? सहन करतेय म्हणून आले."

त्यांनी काहीतरी टाइप केलं. मग मला तपासणीच्या पलंगावर झोपवलं, पाय उचलून बघितला, टाचणी टोचून बघितली. पाय उचलताना डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी ओठ घट्ट मिटले. "उठा, झालं," ते म्हणाले आणि वळून टाइप करायला लागले.

मी कुशीवर वळले, हात टेकून उठले. आणि मग तेच. बाहेर बोळात कोणाचे तरी बूट वाजले, किंवा नसतीलही वाजले. माझे पाय जमिनीला लागले, मी वळले, चादर ओढली, गादीचा कोपरा उचलला, दुमडला, खोचला. दुसऱ्या बाजूला गेले, तिथलाही खोचला. वरून हात फिरवला. हे सगळं माझ्या हातांनी केलं, मला त्यातलं काही विचारलंच नाही. मान वर केली तर डॉक्टर खुर्चीत वळून माझ्याकडे बघत होते.

"छान," ते म्हणाले. "या तुम्ही."

दार बंद होईपर्यंत मी चालले. बोळात आले आणि कमरेत सुरी फिरल्यासारखं झालं. बाकावर बसायला गेले तर बसवेना, उभं राहवेना. मी भिंतीला धरून खाली सरकले आणि फरशीवर आडवी झाले. येणारेजाणारे मला वळसा घालून जात होते. सासूबाई धावत आल्या. हो, धावत. शिपाई आला आणि म्हणाला, "बाई, इथे झोपायला मनाई आहे." सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे गेला. पण निघून गेला नाही बिचारा. पाणी घेऊन आला, आणि मी उठेपर्यंत जरा लांब उभा राहिला.

पंधरवड्यानं पत्र आलं. ह्यांनी वाचून दाखवलं, कारण बसून वाचणं मला जमत नव्हतं. अर्ज फेटाळला होता. अर्जदार बाई व्यवस्थित पोशाखात आल्या, असं लिहिलं होतं. तपासणीनंतर कोणाच्याही मदतीशिवाय त्यांनी गादी उचलून पलंग नीट लावला, असंही होतं. खाली शेरा होता, आजाराचा बहाणा.

मला आधी हसूच आलं. माझ्या हातांनी केलेल्या कामाचं इतकं कौतुक हॉटेलनं कधी केलं नव्हतं. मग त्या शेवटच्या शब्दावर माझं हसू अडकलं. आळशी म्हणाले असते तर मी भांडले असते. मूर्ख म्हणाले असते तर मान्यच केलं असतं, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला म्हणून. पण बहाणा? मी? जिनं पायातली चप्पल पडलेली कळत नसतानाही खोल्या केल्या?

"जाऊ दे," हे म्हणाले. "सरकारशी भांडून कोणाचं भलं झालंय? दुसरं काहीतरी बघू."

"काय दुसरं?"

आमचे हे फार भले आहेत. शिंक आली तरी आधी माफी मागतात. मणका माझा सरकलाय आणि कणा मात्र ह्यांना नाही, असं मी रागात म्हणायची. म्हणायला नको होतं, पण म्हणायची.

"मी अपील करणार," मी म्हटलं.

"करच," आतून सासूबाई म्हणाल्या. "पण या वेळी माझ्या हाताखाली."

मग आमच्या घरात तालीम सुरू झाली. मी जमिनीवर सतरंजीवर पाठ टेकून आणि सासूबाई वर खुर्चीत. "आता कण्ह," त्या म्हणायच्या. मी कण्हायची. "हे कण्हणं आहे का? तू तर दूधवाल्याला हाक मारतेयस." पुन्हा. "आता भांडतेयस. अगं, आवाज खालून आण, पोटातून, आणि शेवटी तो मध्येच सोडून दे, पुढचं बोलायची ताकद नाही असा. हं, ऐक." आणि त्या असं काही कण्हल्या की बाहेरच्या खोलीतून हे धावत आले, "काय झालं आई?" "काही नाही, शिकवतेय," त्या म्हणाल्या. हे गोंधळून परत गेले. मी मात्र सासूबाईंकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला संशय होता, आता पुरावा समोर खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होता.

"आई," मी म्हटलं, "म्हणजे तुमचा गुडघा..."

"तू तुझ्या कमरेचं बघ," त्या म्हणाल्या.

मला ते जमलं नाही ते नाहीच. आणि खरं सांगायचं तर जमवायचंही नव्हतं. मी जर त्या सरकारी लोकांसमोर सोंग केलं, तर त्यांनी लिहिलेलं खरं केल्यासारखं होईल, असं मला वाटत होतं. पैसे मिळतील आणि शेराही खरा ठरेल. ते मला नको होतं. सुनावणीच्या सकाळी मी पुन्हा निळाच ड्रेस घातला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही," असं म्हणून त्यांनी आपली पिशवी उचलली.

सुनावणी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलामागे अध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला गप्प बसलेल्या एक डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला टाइप करणारा कारकून. आम्हाला खुर्च्या होत्या. हे खुर्चीच्या काठावर बसले, सासूबाई मागे भिंतीजवळ. मी उभी राहिले.

"बसा," अध्यक्ष म्हणाले.

"बसवत नाही."

"तपासणीच्या वेळी तुम्ही पलंग लावलात, हे खरं?"

"खरं."

हे हळूच "अगं..." म्हणाले. मी ऐकलं नाही.

"गादी उचललीत?"

"दोन्ही कोपरे. चादर आत खोचली आणि वरून हातही फिरवला."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. सवय आहे." आणि मी सगळं सांगितलं. टेकायला बंदी, मिनिटभर आडवं होणं, बुटांचा आवाज, आणि मग पाय जमिनीला लागायच्या आत काय करायचं ते. "हॉटेलात खोल्या करणाऱ्या कोणत्याही बाईला झोपवून उठवा साहेब, ती हेच करेल. मेलेली उठवलीत तरी करेल."

टाइप करणारा कारकून खुदकन हसला आणि लगेच खोकला. डॉक्टरबाईंनी माझे एमआरआयचे फोटो उजेडात धरले, अध्यक्षांना एका जागी बोट ठेवून काहीतरी दाखवलं. दोघं हलक्या आवाजात बोलले. मी टेबलाचा काठ धरून उभी होते. डाव्या पायातून कळा जात होत्या आणि मला कळत होतं की आता फार वेळ उभं राहणं होणार नाही.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "फोटो स्पष्ट आहेत. भत्ता मंजूर करायला आमची हरकत नाही."

ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला तो मला पाठीमागून ऐकू आला. मलाही वाटलं, सुटलो. पाय वाचला. मग मी विचारलं, "आणि तो शेरा?"

"कोणता?"

"बहाण्याचा."

"तो तपासणीच्या कागदावर आहे. तो राहील. आमच्या निकालाला त्यानं काही फरक पडत नाही."

"मला पडतो," मी म्हटलं. "दर वर्षी नवीन तपासणी होणार ना? नवीन डॉक्टर आधी काय वाचणार? माझी पाठ बघायच्या आधी तो शब्द बघणार. आणि तसं नसतं तरी, मी बहाणा केलेला नाही. तेवढा एक शब्द काढा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते काही चिडले नव्हते, पण मंजूर झाल्यावरही उभी राहणारी बाई त्यांनी बहुतेक पाहिली नसावी.

"हे बघा," ते म्हणाले, "शेरा काढायचा म्हणजे ती तपासणीच सदोष ठरवावी लागते. त्याला आधार लागतो. नुसतं तुम्ही म्हणता म्हणून नाही होत. तुमचा आग्रहच असेल तर मी नव्यानं तपासणीचा आदेश देतो. पण मग आजचा निकाल थांबेल. महिने लागतील. पैसे आज हवेत की शब्द, ते तुम्ही ठरवा."

"घे ना गं," हे कुजबुजले. "शब्दानं काय चूल पेटते? घे आणि चल."

ह्यांचंही खरं होतं. चार दिवसांवर महिनाअखेर आली होती. मी ह्यांच्याकडे बघितलं, काचा घासून घासून खरखरीत झालेल्या त्यांच्या बोटांकडे बघितलं. मला भीती वाटत होती. पण "घेते" असं तोंडातून निघेना. इतकी वर्षं मी जिथे गेले तिथे माझी खूण पुसून आले. ह्या एका कागदावर माझी खूण राहणार होती, आणि ती खोटी.

"थांबू दे निकाल," मी म्हटलं.

हे खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी पेन उचललं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई गं!"

सगळे वळले. सासूबाई भिंतीला धरून वाकल्या होत्या. एक हात गुडघ्यावर, चेहरा पिळवटलेला. त्यांनी श्वास घेतला आणि तो मध्येच सुटला. कारकून टाइप करायचं टाकून पाण्याचा ग्लास घेऊन धावला. डॉक्टरबाई उठल्या. हे तर अर्ध्या वाटेत होते. सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला, ग्लास कारकुनाच्या हातात परत दिला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "ह्याला म्हणतात बहाणा."

कारकून ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला.

"कोण तुम्ही?" अध्यक्षांनी विचारलं.

"हिची सासू."

"घरच्यांची साक्ष आम्ही धरत नाही, बाई."

"घरची म्हणून बोलतच नाहीये. ह्या विषयातली माणूस म्हणून बोलतेय." सासूबाई पुढे आल्या. गुडघा अजिबात न धरता आल्या. "माझा नवरा गेला, मग घरात मला कोणी विचारेना. हा मुलगा कामावरून यायचा, जेवायचा, झोपायचा. एक दिवस गुडघा दुखतो म्हटलं तर शेजारी येऊन बसला. तेव्हापासून दुखतोय. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

"मला सोंग येतं म्हणून मला ते ओळखताही येतं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "हिला मी पंधरवडा शिकवलं. येत नाही हो हिला. दगडाला पाझर फुटेल पण ही कण्हणार नाही. बाळंतपणात मूल गेलं तेव्हासुद्धा हिनं ओठ चावून रक्त काढलं, आवाज काढला नाही. आणि त्या तपासणीच्या दिवशी, त्या डॉक्टरांच्या दाराबाहेर ही फरशीवर पडली. मी म्हटलं, ओरड, आत ऐकू जाऊ दे, ते बाहेर येतील. तर मला म्हणते, आई, हळू बोला, आत लोक काम करतायत."

अध्यक्षांचं पेन थांबलं. "फरशीवर पडल्या? कुठे?"

"ह्याच इमारतीत, खाली. तुमच्या शिपायाला बोलवा. घरचा नाही ना तो?"

शिपायाला बोलावलं. तो दारात उभा राहिला, टोपी हातात. अध्यक्षांनी विचारल्यावर त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, आणि त्यांची ती नजर त्याला आठवली असावी. "हो साहेब," तो म्हणाला. "ह्याच बाई. खालच्या तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या आणि पडल्या. बराच वेळ उठता येत नव्हतं. मी पाणी दिलं."

"तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"ह्या बाईच म्हणाल्या, नको, त्यांना त्रास नको."

डॉक्टरबाई पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. "तपासणीत नंतरचं लक्षण नोंदलेलंच नाही," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "हा आधार पुरेसा आहे."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी तपासणीचा कागद समोर ओढला, त्या शब्दावर एक रेघ मारली, बाजूला सही केली आणि तारीख टाकली. "नव्यानं तपासणी नको," ते कारकुनाला म्हणाले. "भत्ता मंजूर, शेरा रद्द. लिहा."

कारकुनानं कागद छापून माझ्यापुढे ठेवला. सही करायच्या आधी मी तो वाचला. त्यात लिहिलं होतं, की अर्जदार बाई आपलं नेहमीचं काम करण्यास असमर्थ आहेत. मी ते वाक्य दोनदा वाचलं. हेच सिद्ध करायला मी आले होते. मी सही केली आणि थँक्यू म्हटलं नाही.

बाहेर आलो. हे आईचा हात धरून जिना उतरत होते. "आई," हे शेवटी म्हणाले, "नुसतं ये म्हणाली असतीस तरी बसलो असतो." सासूबाई म्हणाल्या, "म्हटलं होतं. तू ऐकलं नाहीस." ह्यांनी हात सोडला नाही.

मी जिन्याच्या वळणावर थांबले. आता मी पुन्हा कधी खोली करणार नव्हते. सकाळी पडदे सरकवल्यावर पांढऱ्या चादरीवर पडणारं ऊन, हात फिरवल्यावर हाताला काहीच न लागणं, हे सगळं संपलं होतं आणि मी स्वतः सही करून आले होते. मला हुंदका आला तो मोठ्यानं आला, जिनाभर घुमला.

सासूबाईंनी वळून बघितलं आणि त्या दोन पायऱ्या परत वर चढल्या.

"अगं, आत्ता रडतेस?" त्या म्हणाल्या. "आत रडायचं होतंस ना! केवढा उपयोग झाला असता!"

"त्यांच्यासमोर?" मी म्हटलं. "मरेन, पण त्यांच्यासमोर रडणार नाही."

आणि मी भिंतीला टेकून पोटभर रडले. सासूबाई माझी पर्स धरून शेजारी उभ्या राहिल्या.